रोहण्याचा फाटा

"बाबारावजी, तुमची ते चार बोटंवाली बाई रोहण्याले पोचलीच नाई म्हन्ते," डोमाजी कंडक्टर म्हणाला आणि बशीतला चहा फुंकायला लागला. त्याच्या सुरात विशेष काही नव्हतं. कुणाचा बैल मेला हे डोमाजी जसं सांगतो तसंच कुणाचं लग्न ठरलं हेही सांगतो. मी वर्ध्याच्या मोटर-स्टँडवर, भिंतीवरच्या माझ्याच नकाशासमोर उभा राहून पुलगावच्या रेषेवरचा उडालेला हिरवा रंग भरत होतो. हात होता तिथे थांबला. कोण म्हणतं, मी विचारलं. "तिचा जवाई. काल आर्वीच्या लाइनीवरच्या कंडक्टरले येऊन इचारून गेला, सासू काऊन नाई आली म्हनून. मंग मी संध्याकाळच्या फेरीले हिंगणीत इचारलं. तं लोक म्हन्तात, मंगळवारीच निंगाली. पायी." त्याने बशी तोंडाला लावली, घोट घेतला, आणि मग म्हणाला, "बोरच्या जंगलात मागल्या हप्त्यात वाघानं गाय मारली, आयकलं का तुमी?" मी ऐकलं नव्हतं. आज शुक्रवार होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे मी मनात मोजले, आणि एखादा दिवस कमी निघेल म्हणून पुन्हा मोजले.

ती मागच्या रविवारी आली होती, बाजारच्या दिवशी. मोटारींच्या मार्गांचा, पत्र्यावर रंगवलेला हा नकाशा भिंतीवर चढून तीन महिने झाले होते, आणि मला एक वाईट खोड लागली होती: काम नसलं की मी त्याच्या आसपास उभा राहायचो, आपण कुणीच नाही असा चेहरा करून, कोण बघतं ते बघायला. कुणी बघत नव्हतं. लोक त्याला टेकून बसत, बोटाचा चुना त्याच्या कडेला पुसत. एकाने तर खिळ्याला पिशवी अडकवून सबंध देवळी झाकून टाकली होती. माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. आणि त्या रविवारी ही बाई आली. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर, काखेत डिंक-खोबऱ्याचं गाठोडं. रोहण्याला लेकीचं दुसरं बाळंतपण होतं, सासरीच, म्हणून हिला लाडू घेऊन जायचं होतं. रोहण्याला कसं जायचं असं तिने डोमाजीला विचारलं. डोमाजी टपावर सामान चढवत होता, तो वरूनच म्हणाला, "त्या साहेबाले इचार." साहेब म्हणजे मी. मी तिला तिचं गाव हिंगणी दाखवलं, रोहणा दाखवला. तिने एका ठिपक्यावर करंगळी टेकवली, शेजारी शेजारी बोटं मांडली, चौथं बोट रोहण्याला लागलं. "हे तं जवळच हाय, भाऊ," ती म्हणाली. "मंग मी आंधी वर्ध्याले काऊन येऊ, इकडून आर्वीकडे काऊन जाऊ? गावाहूनच पायी जाईन." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हो, नकाशावर चारच बोटं आहेत." हसत म्हणालो. कारण तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझा नकाशा वाचत होतं.

मी डोमाजीच्या मोटारीत चढलो तेव्हा ब्रश हातातच होता. "तुमी कुठं?" त्याने विचारलं. हिंगणीला, मी म्हणालो. "रंगाचा डबा तं ठेवा खाली," तो म्हणाला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून डबा स्वतःच घेऊन चहावाल्याच्या फळीखाली ठेवून आला. मी खिडकीशी बसलो. गाडी सुटली. मनात एकच गोष्ट होती, आणि ती इतकी साधी होती की तिच्याभोवती फिरून दुसरीकडे जायला वाटच नव्हती: रोहण्याचा फाटा मी चुकीच्या बाजूला काढला होता. चुकून नाही, जाणूनबुजून. आर्वीकडे जाणारी निळी रेष नकाशात डावीकडून वर चढते, आणि रोहणा खरा तर तिच्याही डाव्या हाताला, पार तिकडे आहे. पण डाव्या बाजूला वेळापत्रकाची चौकट होती. पत्रा अरुंद होता. चौकट हलवायची म्हणजे सगळी अक्षरं खरवडून काढायची. मग मी फाटा उजवीकडे वळवला, आणि तो दिसायलाही छान दिसला, अगदी तोल साधला गेला. उजवीकडून हिंगणीची लाल रेष वर येत होती. दोन्ही टोकं एकमेकांजवळ आली, आणि मधे फक्त पांढरा पत्रा उरला. त्या पांढऱ्या पत्र्यात बोरचं सगळं जंगल होतं, डोंगर होते, नाले होते. बारा-तेरा कोस तरी असतील. ते मी ठेवले नव्हते, कारण ते नकाशात शोभत नव्हते.

नकाशा करा असं सांगितलं होतं आमच्या स्टँडचे मॅनेजर प्रभाकरराव यांनी. आधी स्टँडवर एक चौकटीतला नकाशा होता, जमाबंदीच्या नकाशावरून उतरवलेला, त्यात नद्या, टेकड्या, मालगुजारीच्या हद्दी, सगळं मुंग्यांएवढ्या अक्षरांत. लोक त्याच्यासमोर उभे राहत, डोळे बारीक करत, आणि शेवटी प्रभाकररावांच्या खिडकीशी जाऊन विचारत. "बाबाराव, लोक माझं डोकं खातात," ते म्हणाले, "असा नकाशा करा की मला कुणी काही विचारायला येता कामा नये." मी दहा वर्षं सर्व्हेच्या कचेरीत ट्रेसर होतो. निळ्या मेणकापडावर दुसऱ्यांच्या रेषा गिरवण्यात तारुण्य गेलं माझं, स्वतःची रेष म्हणून एक काढली नाही. तिथेच एकदा एका इंजिनिअरच्या रद्दीत मला विलायती मासिक सापडलं होतं, आणि त्यात तिकडच्या भुयारी रेल्वेचा नकाशा होता. ते पान मी फाडून घरी आणलं, कबूल करतो. काय नकाशा होता तो! सगळ्या रेषा सरळ, वळल्या तर एका ठरावीक कोनातच वळायच्या, स्टेशनं सारख्या अंतरावर, प्रत्येक रेषेला आपला रंग. मी बायकोला दाखवला तर ती म्हणाली, विजेच्या तारा आहेत का? इंग्रजी मला बेताचं, पण खाली लिहिलं होतं त्याचा अर्थ मी लावला होता, की भुयारातल्या उतारूला डोक्यावर काय आहे याच्याशी काही घेणं नाही, कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं एवढंच त्याला पुरतं. हे मला फार पटलं होतं. आता सेलूच्या अलीकडे मोटार एका खड्ड्यात गेली, माझं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटलं, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की भुयारातला माणूस मधेच उतरून पायी चालायला लागत नाही. आमचा माणूस लागतो. एवढी शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट मला तीन महिने कळली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर फक्त तेवढंच नव्हतं. मी देवळीचा. आमची वस्ती गावाबाहेर, आणि माझ्या लहानपणी आम्हाला कुठेही सरळ जाता येत नसे. शाळेत जायचं तर गावाला वळसा, दुकानात जायचं तर वळसा, नदीवरही खालच्या अंगाला. शाळा समोर दिसायची, हाक मारली तर मास्तरांना ऐकू जाईल इतकी जवळ, आणि मी मात्र सगळं गाव डाव्या हाताला ठेवून लांबून लांबून चाललेला. पत्र्यावर पहिली रेष ओढली तेव्हा माझ्या हाताला काय वाटलं ते कुणाला सांगून कळणार नाही. वर्धा ते सेलू, सपकन्. कुणाच्या अंगणाला वळसा नाही. प्रत्येक गावाला सारखंच गोल टिंब, सारखंच अक्षर, गावाच्या आत काय नि बाहेर काय याचा पत्ताच नाही त्यात. प्रभाकरराव म्हणाले होते, "आर्वी जरा मोठ्या अक्षरात घ्या हो, तालुक्याचं गाव आहे." मी मान डोलावली आणि घेतलं नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, हा नकाशा म्हणजे निदान पत्र्यावर तरी मी सगळं नीट करून दाखवलं आहे. आणि आता त्या नीट केलेल्या पत्र्यावर विसंबून एक बाई लाडवांचं गाठोडं डोक्यावर घेऊन वाघाच्या जंगलात शिरली होती, आणि तीही आमच्यातलीच, हिंगणीच्या वस्तीतली.

सेलूला गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर पाणी घालत होता. मला बसवेना, खाली उतरवेना. अशा वेळी माझी आई देवीला नवस बोलायची, नारळ, खण, जे सुचेल ते, आणि बोलून झालं की तिचा चेहरा निवळायचा. माझ्या ओठांवरही आलं होतं. पण गेल्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, मी घसा फोडून प्रतिज्ञा म्हटल्या, आईने स्वतःच्या हाताने टोपलीतले देव नदीत सोडले. आता नवस बोलायचा तर कुणाला? मी तिथे मोटारीच्या फळीवर बसून खरोखर घाबरलो. वाघाला नाही, त्या रिकामपणाला. आत काहीतरी हात जोडायला निघायचं आणि मी त्याला गप्प बस म्हणायचो. शेवटी मी काय केलं, तर खिडकीबाहेर बघत वळणं मोजायला लागलो. सेलू ते हिंगणी माझ्या नकाशात वीतभर सरळ लाल रेष आहे. एकोणीस वळणं मोजली. एका बाभळीपाशी तर रस्ता जवळजवळ मागेच फिरतो. त्यातलं एकही मी काढलं नव्हतं. बाई जिवंत असू दे, असं मी कुणालाच न उद्देशून म्हणालो, तेवढी मोकळीक मला असावी असं वाटलं.

हिंगणीच्या वस्तीत तिच्या झोपडीचा तट्टा दोरीने बांधलेला होता. अंगणात सारवणाला भेगा पडल्या होत्या, चार दिवस कुणी पाणी शिंपडलं नव्हतं. शेजारचा माणूस उंबऱ्यावर बसून वहाणेचा अंगठा बांधत होता. जयभीम घातला, कोण-कुठला झालं. तो नत्थू, तिचा चुलत दीर. "आनंदाबाई नं?" तो म्हणाला. "आमाले वाटलं, पोचली असंन रोहण्याले, लाडू खाऊ घालून राह्यली असंन लेकीले. काल डोमाजीनं इचारलं तवा समजलं का ते पोचलीच नाई. मी आता निंगूनच राह्यलो पाहाले." मग तो वर बघून म्हणाला, "कोन्या शहान्यानं तिले सांगतलं कोन जाने, का इकडून रोहणा जवळ हाय म्हनून. आमी सारे नाई म्हनलो. तं म्हन्ते, मी डोयानं पाह्यलं, लिवलेलं हाय, तुमाले काय समजते." मी त्याच्यामागून चालायला लागलो.

पायवाट आधी शेतांतून गेली, तुरी कापून झाल्या होत्या, खुंट पायाला टोचत होते. मग पळसं लागली, मग सागाची झाडं, आणि ऊन असूनही वाट गार झाली. नत्थू पुढे चालता चालता खाली बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो, तो कशापाशी थांबेल त्याच्या धास्तीने. एकदा तो थांबला, वाकला. त्याने पायातला काटा काढला आणि पुन्हा चालू लागला. मला त्या दोन-अडीच मैलांत काय काय दिसलं ते आता सांगायलाही लाज वाटते: फाटलेलं लुगडं दिसलं, गाठोडं दिसलं, तिचा जावई स्टँडवर येऊन मला विचारताना दिसला. मी काय सांगणार होतो त्याला, की डाव्या बाजूला चौकट होती? जन्मात पुन्हा रेष ओढणार नाही असं ठरवून टाकलं. प्रभाकररावांना काय सांगायचं तेही ठरवलं. माणूस घाबरला की किती भराभर ठरवतो.

पुढे नाला उतरून वर चढलो तर जंगल-नाक्याची झोपडी होती, आडवा बांबू होता, आणि झोपडीतून कुणीतरी कुणाला तरी झापत होतं. "भाकर अशी थापतेत काय, भैयाजी? हे भाकर हाय का गवरी हाय?" नत्थूने माझ्याकडे बघितलं. मी झोपडीच्या दारात गेलो. आनंदाबाई बाजेवर बसली होती, उजवा पाय घोट्यापाशी सुजून भोपळा झालेला, त्यावर हळदीचा लेप, आणि खाली चुलीपाशी खाकी सदऱ्यातला एक आडदांड नाकेदार पिठाचे हात घेऊन ओशाळून बसला होता. ती जिवंत होती. ती जिवंत होती आणि भाकरीवरून भांडत होती. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं ते थांबेचना. चाळीस वर्षांचा बाप्या मी, तीन परक्या माणसांसमोर भोकाड पसरून रडलो. इतकं हलकं मला दीक्षेच्या दिवशीही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

"काय झालं ह्याले?" आनंदाबाई म्हणाली. "भुकेला हाय वाट्टे. भैयाजी, लाडू द्या एक त्याले." भैयाजी आपल्या हिंदी-मराठीत सांगायला लागला, की मंगळवारी दुपारी तो गस्तीवरून येत होता तर ही बाई नाल्यात दगडावर बसून गाठोड्याला पदराने झाकत होती, पाय मुरगळलेला, पाठीवर घालून आणली. नाका सोडून गावात निरोप द्यायला जाता येईना, बांबूची गाडी शनिवारी येणार, तिच्यावर बसवून देणार होता. "और चार दिन से मेरे को शिकवून राह्यली आहे," तो म्हणाला. तेवढ्यात तिने मला ओळखलं. "अरे, हा तं तोच हाय. स्टँडवरचा." मी बाजेशी खाली बसलो. म्हणालो, "मावशी, तो नकाशा मीच काढला. रोहण्याचा फाटा मी भलत्या बाजूला काढला आहे. तिकडे जागा नव्हती म्हणून इकडे वळवला. आणि तुम्ही बोटं मोजली तेव्हा मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही." नत्थू माझ्याकडे बघत होता ते मला न बघताही कळत होतं. तिने पाय हातांनी उचलून नीट ठेवला. "जंगल काऊन नाई काढलं?" तिने विचारलं. रागाने नाही, एखाद्या सुनेला भाजीत मीठ काऊन नाई घातलं असं विचारावं तसं. शोभत नव्हतं, मी म्हणालो. "मले वाटलं," ती म्हणाली, "लिव्हनाऱ्यानं जेथं काई काढलं नाई, तेथं काई नसंनच."

मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या हातावर लाडू आला. "खाय," ती म्हणाली. "अर्धे ह्या नाकेदारानं खाल्ले, अर्धे तू खाय, लेकीले मी आता काय नेऊ, कपाळ?" मग तिने रोहणा खरा कोणत्या बाजूला ते विचारलं. मी बाहेर येऊन उन्हावरून दिशा धरली आणि हात लांब करून दाखवलं, तिकडे, डोंगरांच्या पलीकडे, मग नदी, मग पुन्हा गावंच गावं. ती आतून वाकून माझ्या हाताच्या रोखाने बराच वेळ बघत राहिली. "बाई वो, किती लांब," म्हणाली, आणि खो खो हसली. हिंगणीहून वर्ध्याला परतायला तीनची गाडी होती. वर्ध्याहून आर्वीकडच्या शेवटच्या गाडीने तिला मी स्वतः रोहण्याला पोचवतो असं सांगितलं. "पोचवशीनच," ती म्हणाली. "आता तुले सोडते कोन?"

शनिवारच्या गाडीची वाट बघायला ती तयार नव्हती, म्हणून मी तिला पाठीवर घेतलं. नत्थू म्हणाला, मी घेतो, तुमी शहरातले. भैयाजी म्हणाला, दोघे मिळून बाज उचला. मी कुणाचंच ऐकलं नाही. नत्थूने गाठोडं घेतलं. नाला उतरताना तिने माझ्या मानेला मिठी मारली आणि गळाच आवळला, चढताना माझ्या कानात ओरडली की दगड पाहून पाय ठेव, डोये फुटले का. चांगली जड होती बाई. सागाच्या सावलीत मला धाप लागली, तुरीच्या खुंटांपाशी पाठीत कळ आली, अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, आणि मी आतून इतका खूश होतो की मला दर चार पावलांनी हसू फुटत होतं. ती बोलतच होती. लेकीला पहिली मुलगी आहे, जावई मनाने बरा आहे पण बिड्या फार ओढतो, डिंक आता पुन्हा घ्यावा लागेल, रोहण्याला विहिरीचं पाणी मचूळ आहे म्हणतात. "आयकून राह्यला का?" ती मधेच म्हणाली. ऐकतो आहे, मावशी, मी म्हणालो. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता, गरम, तंबाखूचा वास असलेला, एकामागून एक.